परतीचा हुकूम

सत्कार बारा वाजता होता आणि भागवत सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यागत फिरत होता. शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता. खुर्च्या जिंतूरहून आल्या होत्या. बोरीच्या चौकात लावलेल्या फलकावर त्याचा थोरला भाऊ, कर्नल दिनकरराव, पूर्ण गणवेशात उभा होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘अखेर सत्याचा विजय’.

दहा वर्षं या घरानं मान खाली घालून काढली होती. लष्करी न्यायालयानं दिनकररावांना बडतर्फ केलं त्या दिवसापासून पारावर कुणी दबक्या आवाजात बोललं, तरी भागवतला वाटायचं, आपल्याबद्दलच. मागच्या महिन्यात वरच्या न्यायाधिकरणानं ती शिक्षा रद्द केली. कशामुळं केली, ते वकिलांचं काम. फैसला दादाच्या बाजूनं लागला एवढंच त्याला कळत होतं. त्या फैसल्याचा पहिला गुण म्हणजे त्याच्या लेकीची, राजेश्रीची सोयरीक जुळली होती. सेलूचे निवृत्त सुभेदार पेपरातली बातमी वाचून स्वतःहून घरी आले होते, आणि आज मांडवातच सुपारी फुटणार होती.

साडेनऊच्या सुमाराला तो हार घेऊन घरी आला, तेव्हा दारात दोघी उभ्या होत्या. एक कमरेत वाकलेली म्हातारी. दुसरी सतरा-अठराची पोरगी, पाठीला कॉलेजचं दप्तर.

“मावशी, मांडवात जाऊन बसा. जेवण तिकडंच हाय,” तो म्हणाला.

“जेवाया न्हाई आलाव, दादा. आमी चारठाण्याच्या. सिद्धोधनची आई मी, दगडाबाई. ही त्याची लेक.”

भागवतच्या हातातले हार खाली आले. हे नाव या घरात कुणी घेत नसे. चौदा वर्षांपूर्वी सीमेवर बर्फाचा कडा कोसळून तिघं जवान गाडले गेले होते. त्या तुकडीचा म्होरक्या होता नाईक सिद्धोधन, आणि पलटणीचे प्रमुख होते दिनकरराव. खराब हवेत गस्त पाठवली, या ठपक्यावरूनच ते बडतर्फ झाले होते.

“आज कार्यक्रम हाय मावशी. उद्या-परवा या निवांत.”

“आम्हाला तुमच्याकडं काम न्हाई,” पोरगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “वकीलबाईंकडं हाय. विजयमालाबाई आहेत ना घरात?”

दिनकररावांची लेक विजयमाला ओसरीवरच होती. चुलत बहिणीनं, राजेश्रीनं, तिला बळंच नवी साडी नेसायला लावली होती. ती पुढं आली, दोघींना ओसरीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. भागवत तिथंच घुटमळला, तेव्हा ती म्हणाली, “काका, मी बोलते. तुम्ही मांडवाचं बघा.”

पोरीचं नाव निकिता. तिनं पाण्याला हात लावला नाही. मोबाइल काढून विजयमालेसमोर धरला. गेल्या आठवड्यातली बातमी होती.

“‘नाईकाने हट्टाने परतीचा आदेश धुडकावला, त्यामुळे तिघांचे प्राण गेले.’ हे तुम्ही लिहिलंय?”

“अपिलात लिहिलंय. पेपरवाल्यांनी तिथून घेतलं.”

“पेपरवाल्यांना अपील कुणी दिलं?”

“मी दिलं,” विजयमाला म्हणाली.

निकितानं मोबाइल दप्तरात ठेवला. “मी पोलीस भरतीची तयारी करायलेय. रोज सकाळी ग्राउंडवर जाते. परवा एका पोरीनं ही बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. म्हणली, हिच्या बापाला हुकूम कळत नव्हता, ही काय भरती होणार. आमच्या सरांनी तिला गप्पबी केलं न्हाई. पप्पांसोबत गेलेला एक जण येलदरीचा होता. त्याची आई बाजारात आज्जीला बघून तोंड फिरवती. चौदा वर्षं.” ती थांबली. “तुम्हाला हे नवं न्हाई. तुमच्याबी बापाला लोक बोलतच होते की.”

विजयमालेला हे खरंच नवं नव्हतं. ती तेवीस वर्षांची होती तेव्हा. पुण्याला शिकत होती, एका कॅप्टनशी साखरपुडा झाला होता. चौकशी बसली आणि महिन्याभरात मुलाच्या आईचा फोन आला की, आमच्याकडून थांबवू या. छावणीतल्या मैत्रिणींनी फोन करणं बंद केलं. बाप बडतर्फ होऊन बोरीला आला, तेव्हा तीही सगळं गुंडाळून आली. परभणीला कायद्याला नाव घातलं, जिंतूरच्या कोर्टात वकिली सुरू केली आणि बापाचं अपील स्वतः लिहिलं. कायद्यानं लष्करी खटला घटनेपासून तीन वर्षांत सुरू व्हायला हवा. हा चाळीस दिवस उशिरानं सुरू झाला होता. तो मुद्दा तिलाच सापडला, आणि त्याच मुद्द्यावर शिक्षा रद्द झाली. निर्दोष हा शब्द फैसल्यात कुठंही नव्हता. तिनं तो शोधला होता, दोनदा शोधला होता, आणि मग शोधणं सोडून दिलं होतं.

“माय,” दगडाबाई म्हणाली, “हिचं सोड. पोरगी तापट हाय. मला भांडायचं न्हाई. शेवटाला त्या बोलायच्या मशिनीवर माझा लेक काय बोलला, तेवढं साहेबांनी सांगावं. पेटी आली, कागदं आली, मोठे मोठे लोक आले. ते मात्र कुनी सांगितलंच न्हाई.”

“विचारते,” विजयमाला म्हणाली. “बाबांच्या सगळं लक्षात आहे.”

आत जाताना तिला काळजी होती ती एवढीच, की बापाला त्रास होईल.

*

दिनकररावांनी ओसरीवरचं सगळं ऐकलं होतं. खिडकी उघडीच होती.

साठीचे होते, पण दिसायचे सत्तरीचे. दाढी मात्र रोज घोटून, बूट रोज चकाचक. बंद गळ्याच्या कोटाची वरची गुंडी त्यांना लागत नव्हती, म्हणून थोरली बहीण कडूबाई समोर उभी राहून लावत होती. बाहेर दगडाबाईचा आवाज आला तसे तिचे हात थांबले होते. मग तिनं गुंडी लावली आणि म्हणाली, “तू बाहीर जाऊ नको. विजू लावील वाटंला.”

दिनकरराव सिद्धोधनच्या पहिल्या दिवसाचा विचार करत होते. चारठाण्याचा पोरगा आहे म्हटल्यावर त्यांनीच त्याला आपल्या पलटणीत मागून घेतला होता. वायरलेसवर इतरांशी तो हिंदीत बोलायचा, साहेबांशी मात्र आपल्याकडच्या बोलीत.

विजयमाला आत आली. “बाबा, सिद्धोधनची आई आली आहे.”

“ऐकलं मी.”

“मग चला ना. दोन वाक्यं सांगायची आहेत. नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही त्याला परत बोलावलंत, तेव्हा तो काय म्हणाला, एवढंच विचारतेय ती.”

दिनकरराव पलंगावर बसले. गेल्या चौदा वर्षांत सांगायची वेळ आली नव्हती असं नाही. पहिल्या वर्षी ती पुण्याहून येणार म्हणून ते ठरवून बसले होते. ती आली, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, बाबा, मी लढणार आहे. त्यानंतर दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं.

“मी त्याला परत बोलावलं नव्हतं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“त्यानंच विचारलं होतं. परत येऊ का म्हणून. पावणेनऊला एकदा आणि नऊ दहाला पुन्हा.”

“दिनकर,” कडूबाई म्हणाली, “बस कर.”

विजयमाला तिच्याकडं वळलीच नाही. “तुम्ही काय सांगितलंत?”

“पुढं जा म्हणालो. अकराला मोठे साहेब हेलिकॉप्टरनं येणार होते. पुढची चौकी बर्फामुळं आठवडाभर रिकामी होती. तिथं माणसं दिसायला हवी होती. कडा कोसळण्याचा इशारा आदल्या संध्याकाळीच आला होता. मी तो वाचला होता. मला वाटलं, दोन तासांचा प्रश्न आहे.”

“आणि नोंदवहीतली नोंद? ‘नऊ दहा, गस्तीला परतीचा आदेश’?”

“दुपारी लिहिली. त्यांचा वायरलेस सेट बंद पडल्यावर.”

बाहेर मांडवातला भोंगा कुणीतरी तपासत होतं. हॅलो, हॅलो, असा आवाज येत होता. विजयमाला भिंतीला टेकून उभी राहिली.

“अपिलातला अकरावा परिच्छेद मी लिहिलाय,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही. ‘हट्टाने’ हा शब्द तुम्ही दिला नव्हता. तो मी घातला. त्याशिवाय जोर येत नव्हता. सही करण्याआधी वाचला होता ना तुम्ही?”

“वाचला होता.”

“आणि ठेवलात.”

दिनकररावांनी मान हलवली.

मग ती आत्याकडं वळली. “तुला माहीत होतं.”

कडूबाईनं पदर सावरला. भावाची बायको गेली तेव्हापासून या घरात ती आई होती, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. गप्प राहायची होती. “पयल्याच वर्साला सांगितलं त्यानं मला. रडला लय.”

“आत्या, तू मला तीन स्थळं आणलीस. मी तिन्ही वेळा म्हणाले, केस संपू दे. तेव्हा तरी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस,” कडूबाई म्हणाली. “मग ह्याच्यापाशी कोन ऱ्हायलं असतं?”

विजयमालेनं टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि बापाचा कबुलीजबाब उभ्या उभ्याच लिहायला सुरुवात केली.

*

फेटेवाला वाट बघून कंटाळला, तेव्हा राजेश्री काकांना बोलवायला आली. पाठोपाठ भागवत आला. खोलीतली तोंडं बघून त्यानं दार लोटून घेतलं.

विजयमालेनं चार वाक्यांत सांगितलं. भागवत ऐकता ऐकता खाली बसला, जमिनीवरच. कोर्ट-कचेऱ्यांत तो भावासोबत हिंडला होता. दादाबद्दल वाकडं बोललेल्या एका पाव्हण्याला त्यानं लग्नाच्या पंगतीतून उठवलं होतं, आणि ती सोयरीक कायमची तुटली होती.

“दादा,” तो म्हणाला, “मला तरी सांगायचं होतं.”

दिनकरराव बुटांकडं बघत राहिले.

भागवत उठला, तोंडावरून हात फिरवला. “बरं. आता ऐका माझं. झालं ते झालं. गेलेली माणसं काही येत न्हाईत. त्या माउलीला सांगू, लेक तुझा शूर होता, शेवटाला तुझंच नाव घेतलं. तिचं समाधान होईल. पोरीच्या भरतीसाठी मी वर शब्द टाकतो. विजू, तो कागद फाड.”

“नाही काका.”

“तुला कळायलंय का तू काय करायलीस? बाहीर हजार माणूस बसलंय. सेलूचे पाव्हणे निघालेत.”

“ताई,” राजेश्री म्हणाली, “आजचा दिवस जाऊ दे. एकच दिवस. उद्या तू म्हणशील ते करू.”

“उद्या सत्काराची बातमी येईल राजू. फोटो येईल, आणि खाली पुन्हा तेच वाक्य. मग ती पोरगी परवा पुन्हा ग्राउंडवर जाईल.”

राजेश्री खिडकीपाशी गेली. ओसरीवर निकिता ताठ बसली होती. तांब्या होता तिथंच होता. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडं मान वर करून बघत होती, आता कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. राजेश्री परभणीच्या एका दवाखान्यात नर्स होती. खोलीबाहेर असं बसलेलं माणूस तिला ओळखू यायचं. आपणच कितीदा त्यांना नुसतं ‘डॉक्टर येतील’ म्हणून चुकवलं, ते तिला आठवलं.

“पप्पा,” ती म्हणाली, “सेलूला फोन मी करते.”

“काय सांगणार हायस?”

“जे हाय ते. लपवून सोयरीक केली तर मलाबी आत्यासारखंच गप्प बसावं लागंल तिथं. किती वर्षं बसू?”

भागवत तिच्याकडं बघतच राहिला. या पोरीसाठीच आपण हे सगळं करतोय, असं तो सकाळपासून सगळ्यांना सांगत होता. आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. कडूबाई पलंगाच्या कडेला भावाला चिकटून बसली होती, जणू त्याला कुणी उचलून नेणार होतं.

विजयमालेनं कागद दिनकररावांपुढं ठेवला. “कायद्यानं तुम्हाला आता कुणी हात लावू शकत नाही, बाबा. मुदत गेली आहे. ती सोय मीच करून ठेवलीय. जाईल ती फक्त इज्जत. आणि ती आपण त्यांची घेऊन वापरत होतो.”

त्यांनी कागद वाचला. सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. सही केली नाही. कागद तिथंच ठेवला, कोटाची वरची गुंडी काढली आणि दार उघडून ओसरीवर गेले.

*

साहेब बाहेर आलेले बघून दगडाबाई उठायला लागली. “बसा, बसा,” दिनकरराव म्हणाले आणि तिच्या समोर, एक पायरी खाली बसले. ओसरीसमोर शेजारचे चार-पाच जण फेटे बांधून उभे होते. साहेब पायरीवर बसलेले बघून ते जवळ सरकले.

“तुम्हाला त्याचं शेवटचं बोलणं हवं होतं,” ते म्हणाले.

“व्हय साहेब.”

“त्या दिवशी सकाळी साडेसातला तो दोघांना घेऊन निघाला. मी पाठवलं होतं. जायला नको होतं. धोक्याचा निरोप माझ्याकडं आलेला होता.” त्यांचा आवाज कोरडा होता, अहवाल द्यावा तसा. “पावणेनऊला तो सेटवर म्हणाला, बर्फ गुडघ्याच्या वर हाय, परत येऊ का. मी म्हणालो, पुढं चल. नऊ दहाला तो पुन्हा बोलला.” इथं ते अडखळले. “म्हणाला, ‘साहेब, वरून आवाज यायलाय. पोरं भ्यालीत. परत आणू का यांना?’”

दगडाबाई अजिबात हलत नव्हती.

“तुमी काय म्हणलाव?”

“पुढं चल म्हणालो. चौकीवर पोचून कळव म्हणालो.”

“मग?”

“मग तो म्हणाला, ‘बरं साहेब.’ त्याच्यानंतर काही नाही.”

“बरं म्हणला?”

“हो.”

“म्हंजी ऐकलं त्यानं तुमचं.”

“ऐकलं,” दिनकरराव म्हणाले. “त्यानं ऐकलं. खोटं मी लिहिलं.”

म्हातारीनं नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ऐकलं होतं बग तुझ्या बापानं,” ती म्हणाली. ती रडली नाही. तेच वाक्य तिनं आणखी एकदा, स्वतःशीच म्हटलं, आणि मग पदराची घडी घालत बसली. घालून उलगडायची आणि पुन्हा घालायची.

निकिताचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. “हे आमच्या गावात येऊन सांगा,” ती म्हणाली.

“मी लिहून देतो. सहीनिशी.”

“कागद द्याच. पण तोंडानं सांगा. येलदरीच्या त्या बाईलाबी बोलवते मी. तिच्यासमोर सांगा, तिचा पोरगा कुणी मारला.”

दिनकररावांनी वर बघितलं. समोर फेटेवाले शेजारी उभे होते. त्यातला एक हळूच मागं सरकून मांडवाच्या दिशेनं चालायला लागला होता. दारात भागवत उभा होता. ओसरीच्या खांबाला टेकून विजयमाला उभी होती, आणि ती त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर त्यांनी तिच्या डोळ्यांत आजवर कधी बघितली नव्हती. तिच्या लहानपणी छावणीत परेड बघायला ती सगळ्यांच्या पुढं येऊन उभी राहायची.

“माझ्यानं नाही होणार,” ते म्हणाले.

आत गेले, कागदावर सिद्धोधनचे शब्द स्वतःच्या हातानं जोडले, सही केली, तारीख घातली. तो कडूबाईच्या हाती बाहेर पाठवला आणि दार लावून घेतलं.

कडूबाईनं कागद विजयमालेला दिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. “विजू, जेवून तरी…” एवढंच म्हणाली आणि थांबली. मग तीही भावाच्या बंद दारापाशी जाऊन, उंबऱ्याला टेकून बसली.

भागवत मांडवात गेला. साहेबांची तब्येत अचानक बिघडली असं त्यानं भोंग्यावरून सांगितलं. पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघत होते. त्याच्याआधीच बातमी येऊन पोचली होती. जेवण तयार होतं, म्हणून लोक जेवले आणि गेले. राजेश्रीनं फोन केला तेव्हा सेलूचे पाव्हणे बोरीच्या अलीकडं दहा किलोमीटरवर होते. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं, विचार करून कळवतो म्हणाले आणि गाडी मागं फिरवली.

पाव्हण्यांसाठी सांगितलेली जीप तशीच उभी होती. विजयमाला त्या दोघींना घेऊन फाट्याकडं पायी निघालेली भागवतनं बघितली. त्यानं ड्रायव्हरला जवळ बोलावलं. “त्यांना चारठाण्याला सोड,” तो म्हणाला, आणि पुतणीकडं न बघता मांडवाच्या दोऱ्या सोडणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहिला.

*

जिंतूर येईस्तोवर जीपमध्ये दगडाबाईला डुलकी लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर काढून झाली होती आणि रानं उघडी पडली होती.

“तुम्हाला राग येतो का त्यांचा?” निकितानं विचारलं.

“अजून यायचाय,” विजयमाला म्हणाली.

“आता काय करणार तुम्ही?”

“हा कागद न्यायाधिकरणाला पाठवणार. पेपरला पाठवणार. अकरावा परिच्छेद मागं घेते असा अर्ज करणार.”

“ते न्हाई विचारलं. राहणार कुठं?”

विजयमालेनं त्याचा विचार केला नव्हता. बाप सकाळी सहाला उठतो, त्याला चहा लागतो, रक्तदाबाची गोळी ती काढून देते. उद्या कोण देईल, हा प्रश्न मनात आला आणि तो आला याचंच तिला वाईट वाटलं. “माहीत नाही,” ती म्हणाली.

चारठाण्याला पोचायला दुपारचे दोन वाजले. निकितानं वाटेतून फोन केले होते. समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत पंचवीस-तीस माणसं जमली होती, बहुतेक म्हातारी आणि बाया. येलदरीची ती बाई तिच्या धाकट्या लेकाच्या गाडीवर बसून आली होती. ती सगळ्यांपासून लांब, झाडाखाली उभी राहिली.

विजयमालेला सतरंजीवर बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. मी कर्नल दिनकररावांची मुलगी, असं म्हणून तिनं सुरुवात केली. आयुष्यात हे वाक्य तिनं अनेकदा म्हटलं होतं, आधी ऐटीत आणि मग हट्टानं. आज ते नुसतं एक नाव-गाव सांगितल्यासारखं निघालं.

तिनं कागद वाचला. निरोप कधी आला, तो कुणी वाचला, सिद्धोधननं दोनदा काय विचारलं, त्याला काय उत्तर मिळालं, वहीत खोटं कुणी लिहिलं. खाली सही कुणाची ते वाचलं. मग कागद खाली करून म्हणाली, “अपिलात ‘हट्टाने’ असा शब्द आहे. तो बाबांचा नाही, माझा आहे. मी एकदाही तुमच्याकडं येऊन विचारलं नाही. जिंतूरहून हे गाव किती जवळ आहे. मी आले नाही.”

“साहेब का आले न्हाईत?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“त्यांना जमलं नाही.”

“चवदा वर्सं झोप लागायली का त्यांना?”

“नाही,” ती म्हणाली. “पण तुमचंही काही भलं झालं नाही त्यानं.”

कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्या आल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. बाया आपसांत हळू बोलत होत्या. येलदरीची बाई झाडाखालून निघाली, वाट काढत दगडाबाईपाशी आली आणि तिच्याशेजारी बसली. दोघीही समोर बघत होत्या. मग येलदरीच्या बाईनं विचारलं, “पोरं भ्यालीत म्हणला व्हय तो?”

“व्हय,” दगडाबाई म्हणाली. “यांना परत आणू का म्हणला.”

त्या बाईनं डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात गर्दीच्या मागं हालचाल झाली. कापसाच्या रानातून एक बाई आली होती, डोक्याला फडकं, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. निकिता उठून उभी राहिली. “मम्मी,” ती म्हणाली.

ती मनिषा. सकाळी तिनं सासूला आणि लेकीला सांगितलं होतं, मी त्या घराची पायरी चढणार नाही, तुमी जा. आता ती माणसांतून पुढं आली. अंगावर कापसाची पानं चिकटलेली होती. तिनं विजयमालेला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, तिची नवी साडी बघितली, हातातला कागद बघितला.

“तुमीच का त्या?”

“हो.”

मनिषा बाविसाव्या वर्षी विधवा झाली होती. नवरा शहीद म्हणून पहिले काही महिने लोक पाया पडले. मग चौकशीतलं बाहेर आलं आणि त्याच लोकांनी विचारायला सुरुवात केली की, त्यानं ऐकलं का नाही. तिला उत्तर ठाऊक नव्हतं. रात्री अंथरुणावर तिनं स्वतःच नवऱ्याला हे कितीदा विचारलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

“मम्मी, पप्पांनी ऐकलं होतं,” निकिता म्हणाली. “त्यांनी बरं म्हणलं होतं.”

मनिषानं लेकीला हातानं थांबवलं. कमरेची ओटी सोडली, कापूस खाली ठेवला आणि त्याच्याच शेजारी, सगळ्यांच्या पुढं, जमिनीवर मांडी घालून बसली.

“मी नव्हते सुरुवातीला,” ती विजयमालेला म्हणाली. “पुन्हा वाचा. पहिल्यापासून. हळू वाचा.”

विजयमालेनं कागद वर धरला आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली.